चेहरा ओळखीचा वाटतोय पण कोण ते आठवत नाही, असं का होतं?

जांबोटीवाला
मंडळी, एक प्रश्न विचारतो, हसू नका. परवा आपल्या बेळगावच्या शहापुरात एका लग्नाला गेलेलो. पंगतीत समोर एक माणूस बसलेला, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मला बघून हसला म्हणून मी पण हसलो. आता ह्या माणसाला मी ओळखतो हे शंभर टक्के, पण कोण, कुठला, नाव काय, काय म्हणता काय आठवेना. बायको हळूच विचारालीय कोण ते, मी आपलं 'आमच्यातलेच एक' म्हणून वेळ मारून नेली. मठ्ठा परत परत घेतला तरी डोकं चालेना. शेवटी हात धुताना कुणीतरी त्याला 'आज ड्युटी नाही काय' म्हटलं आणि ट्यूब पेटली, आमच्या सकाळच्या बसचा कंडक्टर! रोज त्याच्याकडनं तिकीट घेतो आणि खाकी नाही म्हटल्यावर माणूसच कळेना.

तर प्रश्न असा. डोक्यात माहिती असली तर पूर्ण यावी, नसली तर येऊच नये. ही अर्धी कशी काय येते? वय ४६ आहे, काही काळजीचं आहे काय?

कुंदा_स्पेशल
वय झालं गा तुझं 😀

खाकीतला_माणूस
मी कंडक्टरच. त्या गाडीचा न्हवे, माझा मार्ग वेगळा. हे आमच्या रोजचंच आहे दादा, युनिफॉर्म काढला की आम्ही कुणाला दिसतच नाही. रविवार पेठेत रोजची पॅसेंजर बाई समोर आली तरी अशी बघती की कुठंतरी बघितलंय पण कुठं ते समजेना.

आमचं मात्र उलटं काम आहे बघा. गाडी भरली की साठ-सत्तर डोकी, प्रत्येक स्टॉपला काही चढतात काही उतरतात, कुणाचं तिकीट झालं कुणाचं राहिलं हे लिहून कुठं ठेवणार? नुसतं बघून कळतं. एक तोंड 'झालं' असं वाटतं, एक 'हे राहिलं' असं वाटतं, आणि का वाटतं म्हणून विचारलं तर सांगता येणार नाही. नवीन पोरं भरती झाली की कपडे लक्षात ठेवतात, लाल शर्ट, हिरवी साडी, आणि मग कुणीतरी स्वेटर काढला की त्यांचा हिशोब चुकतो. जुनी माणसं तोंडं बघतात. शाळेच्या पोरांत मात्र आम्ही पण फसतो, सगळी एकसारखी, पण त्यांचे पास असतात म्हणून निभावतं.

टिळकवाडीची_ताई
जांबोटीवाला, काळजी करू नका, हे विशीतल्या पोरांना पण होतं. मी कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते आणि तुमचा हा किस्सा आमच्या विषयातला सगळ्यात गाजलेला किस्सा आहे. जॉर्ज मॅन्डलर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८० मध्ये नेमकं हेच मांडलं, फक्त त्यांच्याकडं बसमध्ये खाटीक दिसतो. समोरचा माणूस ओळखीचा वाटतो, कोण ते सुचत नाही, मग लक्षात येतं की हा तर आपला दुकानातला खाटीक. तुमच्याकडं बसमधला माणूस लग्नात आला, एवढाच काय तो फरक.

मुद्दा असा की ओळखणं हे आपल्याला एक काम वाटतं पण मेंदू त्याची दोन कामं करतो. एक म्हणजे नुसतं 'हे आधी बघितलंय' असं वाटणं. हे झटकन येतं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि त्याच्यासोबत बाकी काही माहिती येत नाही. दुसरं म्हणजे कुठं, केव्हा, कुणाबरोबर हे सगळं परत डोळ्यासमोर उभं राहणं. एन्डेल टल्विंगनी १९८५ मध्ये एक साधी युक्ती काढली, माणसाला यादी दाखवायची, नंतर एकेक शब्द दाखवून 'हा यादीत होता काय' विचारायचं, आणि हो म्हटला की पुढं विचारायचं, तुला तो बघितल्याचं आठवतंय की नुसतं माहीत आहे? लोक हा फरक आरामात सांगतात. तुम्ही पण सांगितलाच की.

आता मेंदूत कुठं. कानाच्या पातळीला आत टेम्पोरल लोब असतो, त्याच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस, डावीकडं एक उजवीकडं एक. त्याच्याजवळच एक पट्टी आहे, पेरिऱ्हायनल कॉर्टेक्स. डोळ्यानं बघितलेली वस्तू, चेहरा ह्यांची माहिती हिप्पोकॅम्पसला पोचायच्या आधी ह्या पट्टीतनं जाते. माकडांच्या ह्या भागातल्या पेशींचं काम मोजून बघितलं तर गंमत दिसते, नवीन चित्र दाखवलं की काही पेशी जोरात चालतात, तेच चित्र परत दाखवलं की मंद होतात. एकदाच बघितलेलं असलं तरी मंद होतात आणि हा परिणाम दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. आपल्याला वाटणार ओळखीचं काही दिसलं की मेंदू पेटून उठत असेल, इथं तर तो शांत होतो, आणि हा शांतपणाच 'जुनं आहे' म्हणून वाचला जातो असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे.

हिप्पोकॅम्पसचं काम बांधायचं. चेहरा, खाकी, खांद्यावरची पिशवी, सुट्ट्या पैशाचा खुळखुळाट, सकाळची वेळ हे सगळं एका गाठीत बांधलेलं, आणि त्यातलं एक-दोन समोर आलं की बाकीचं ओढून काढायचं. लग्नात तुम्हाला फक्त चेहरा मिळाला. पट्टीनं तिचं काम केलं, 'जुना माणूस आहे' म्हणून सांगितलं, पण गाठ ओढायला दोरा पुरला नाही. 'ड्युटी' हा शब्द कानावर पडला आणि सगळं एकदम आलं.

किराणा_वाले
म्हणजे आमच्या उधारीच्या वहीसारखं. गिऱ्हाईक दारात आलं की तोंड बघून कळतं ह्याचं खातं आहे आपल्याकडं, किती बाकी ते वही उघडल्यावर.

टिळकवाडीची_ताई
किराणा_वाले, मी वर्गात एवढ्या सोप्या शब्दात सांगितलं असतं तर माझा अर्धा तास वाचला असता.

उद्यमबाग_इंजिनीअर
ताई, ऐकायला छान वाटतं पण मला पटलं नाही. दोन कामं कशाला मानायची? आठवण एकच, पण कधी सिग्नल स्ट्राँग कधी वीक. वीक असला की 'ओळखीचं वाटतंय', स्ट्राँग असला की 'आठवतंय'. आमच्याकडं मशीनवर सेन्सर असतो, अमुक लेव्हलच्या वर रीडिंग गेलं की हो, खाली असलं की नाही. दोन सेन्सर आहेत असं म्हणायला पुरावा लागतो.

टिळकवाडीची_ताई
प्रश्न एकदम बरोबर विचारलात, आणि तुमच्या बाजूनं पण मोठी माणसं आहेत, लॅरी स्क्वायर, जॉन विक्स्टेड हे लोक बरीच वर्षं साधारण तेच म्हणत आलेत, की ज्याला तुम्ही दोन प्रकार म्हणता ते पुष्कळदा कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची आठवण असते. वाद पूर्ण मिटलाय असं नाही.

पण मला दोनवाल्यांची बाजू जड वाटते ती ह्या पेशंटांमुळं. १९९७ मध्ये लंडनमध्ये फरानेह वर्गा-खादेम आणि त्यांच्या टीमनं तीन मुलांबद्दल लिहिलं. लहानपणीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यानं त्यांचा हिप्पोकॅम्पस खराब झालेला. दिवसभरात काय झालं ते सांगता येत नाही, वाट आठवत नाही, ठेवलेली वस्तू सापडत नाही. पण शाळेत शिकली, वाचायला शिकली, आणि त्यातल्या एकाला, ज्याला लेखांमध्ये जॉन म्हणतात, आधी दाखवलेली चित्रं परत दाखवून 'ही बघितलीस काय' विचारलं की बहुतेक बरोबर सांगतो. आता हे एकट्यानं पुरावा होत नाही, कारण तुम्ही म्हणाल ओळखणं सोपं आणि आठवणं अवघड, खराब मेंदूला सोपं तेवढं जमलं. बरोबर आहे. म्हणून उलटी केस पाहिजे.

ती कॅनडात मिळाली. २००७ मध्ये एन. बी. ह्या आद्याक्षरांनी एक पेशंट प्रसिद्ध झाली. फिट्ससाठी ऑपरेशन करून डाव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढलेला, त्यात पेरिऱ्हायनल पट्टीचा बराच भाग गेला पण हिप्पोकॅम्पस राहिला. तिचं ऐका, आठवणं शाबूत आणि 'ओळखीचं वाटणं' कमी झालेलं! सिग्नल नुसता कमी झाला असता तर आधी अवघड काम जायला पाहिजे होतं. किराणा_वाल्यांच्या भाषेत, वही जागेवर आहे, गिऱ्हाईकाचं तोंड बघून खातं असल्याचं मात्र कळत नाही.

अजून एक, डोक्याला तारा लावून मोजलं तर जुनं-नवं ओळखताना साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत डोक्याच्या पुढच्या भागावर एक फरक दिसतो, आणि ५०० ते ८०० च्या दरम्यान मागं, डाव्या बाजूला जास्त, दुसरा. पहिला ओळखीचा, दुसरा आठवणीचा असं पुष्कळ जण धरतात. सेकंद पूर्ण व्हायच्या आत दोन्ही झालेलं असतं.

उद्यमबाग_इंजिनीअर
एन. बी. ची केस भारी आहे. एकच पेशंट आहे पण. तरी निम्मा पटलो.

हलगा_एक्सप्रेस
माझं एक निरीक्षण. माझं शिक्षण सगळं मराठीत, कन्नड बोलायला येतं पण वाचायला येत नाही. तरी सीबीटीला, म्हणजे मुख्य बस स्टँडला, उभारलं की बसच्या बोर्डावरचं खानापूर, हलगा, सुळगा लांबनं ओळखतो, एकदा पण चुकीच्या गाडीत बसलो नाही. पण पाटी-पेन्सिल देऊन 'खानापूर लिही कन्नडमध्ये' म्हटलं तर हात हलणार नाही. एखादं अक्षर सुद्धा नाही. आणि गाडीवर चढवून नंतर कुठलं अक्षर कुठं होतं विचारलं तरी नाही.

सीमावासी_७७
बोर्ड तिन्ही भाषेत असले पाहिजेत ही मागणी कितीवेळा

अ‍ॅडमिन
सीमावासी, त्यासाठी चार धागे चालू आहेत, तिकडं या. इथं मेंदूवर बोला.

टिळकवाडीची_ताई
हलगा_एक्सप्रेस, ओळखायला पूर्ण माहिती लागत नाही, आजूबाजूच्या चार बोर्डांतनं तो वेगळा काढता आला की काम झालं, आणि मेंदू तेवढंच साठवतो. सगळ्यांनी आत्ता एक करून बघा, खिशात हात न घालता सांगा, ५० च्या नोटेवर मागं कसलं चित्र आहे? आणि १० च्या? १९७९ मध्ये निकर्सन आणि अ‍ॅडम्स ह्या दोघांनी अमेरिकेत तिथल्या एक सेंटच्या नाण्यावर हा प्रयोग केला, जन्मभर हाताळलेलं नाणं लोकांना नीट काढता येईना, आणि थोडे थोडे फरक केलेल्या नाण्यांच्या चित्रांतनं खरं कुठलं ते पण धड ओळखता येईना.

कुंदा_स्पेशल
५० वर ताजमहाल?

किराणा_वाले
५० वर हंपीचा दगडी रथ आहे की रे. आपल्याच कर्नाटकातला. १० वर कोणार्कचं सूर्यमंदिर. दिवसभर नोटाच मोजतोय मी.

खानापूरची_आई
ताई मला हे वाचून माझ्या मुलाचं आठवलं. पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे, सीईटीची तयारी चाललीय. पुस्तक हायलायटरनं पिवळं करून ठेवलंय, वाचताना म्हणतो 'हे येतंय, हे पण येतंय' आणि पेपरात कोरा. मी म्हणते अभ्यास केलाच नाहीस, तो म्हणतो केला. भांडण ठरलेलं.

टिळकवाडीची_ताई
तो खोटं बोलत नाही. चौथ्यांदा तेच पान वाचलं की डोळे सरसर जातात, सगळं ओळखीचं वाटतं, आणि हे ओळखीचं वाटणं म्हणजेच 'मला येतंय' असं तो धरून चालतो. पेपरात तर ओळखायचं नसतं, काढायचं असतं. सीईटीला चार पर्याय असतात म्हणून ओळखण्यावर भागेल असं पोरांना वाटतं, पण पेपर काढणारा पण हुशार असतो, चारही पर्याय ओळखीचेच घालतो!

रोडिगर आणि कार्पिकी ह्यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर बघितलं. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर लिहून काढणारे चांगलेच पुढं. त्याचा हायलायटर काढून घ्या आणि कोरे कागद द्या. भांडण कमी होईल का ते मात्र सांगता येत नाही.

राजहंसगडी
आम्ही धनगर. आमचे आजोबा दोन-अडीचशे मेंढरांत कुठलं मेंढरू कुठल्याचं पिल्लू ते सांगायचे. आम्हाला सगळी सारखीच दिसायची. शहरातली माणसं विश्वास ठेवत नाहीत म्हणून हे कुणाला सांगत नाही.

टिळकवाडीची_ताई
अहो राजहंसगडी, तुमच्यासाठी तर खास केस आहे! माणसांचे चेहरे ओळखता न येण्याचा एक विकार असतो, प्रोसोपॅग्नोसिया, हे नाव १९४७ मध्ये बोडामर नावाच्या जर्मन डॉक्टरनं दिलं. डोळे चांगले, बुद्धी चांगली, पण आरशात स्वतःला सुद्धा ओळखता येत नाही अशी वेळ येते. आवाज ऐकला की लगेच ओळखतात. काहींना मेंदूला मार लागल्यानं होतो, काहींना जन्मापासनं असतो आणि कित्येकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. १९९३ मध्ये मॅकनील आणि वॉरिंग्टन ह्यांनी अशा एका माणसाबद्दल लिहिलं. पक्षाघाताचे झटके येऊन माणसांचे चेहरे पुसले गेलेले, आणि त्यानंतर त्यानं मेंढ्या पाळल्या. मेंढ्यांचे चेहरे तो शिकला आणि ओळखायचा, माणसांचे नाहीच!

चेहऱ्यासाठी मेंदूच्या खालच्या बाजूला एक भाग आहे, फ्युसिफॉर्म, १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर ह्यांनी त्यातला चेहऱ्याला जास्त प्रतिसाद देणारा तुकडा दाखवला. आता तो फक्त चेहऱ्याचाच की ज्या गोष्टीत माणूस मुरलाय त्या सगळ्याचा, ह्यावर भांडणं आहेत. पक्षी ओळखणाऱ्यांत पक्षी बघून आणि गाड्यांचा नाद असलेल्यांत गाड्या बघून तिथं हालचाल वाढते असं २००० मध्ये दाखवलं गेलंय. आजोबांच्या डोक्यात मेंढरं बघून काय झालं असतं, मला फार बघायला आवडलं असतं.

वडगावचा_विणकर
मागावरची साडी बाजारात दुसऱ्याच्या अंगावर दिसली तरी काठ बघून आम्ही सांगतो की आमच्या गल्लीतली. हा एवढाच अनुभव. डिझाईन आठवून काढ म्हटलं तर मात्र ग्राफ पेपर लागतो.

निंगव्वा_फॅन
एक विचारू काय, थोडं वेगळं आहे. आमच्या गावात एक म्हातारी होती, आजारातनं उठल्यावर पोटच्या पोराला 'हा माझा पोरगा न्हवे, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कोण तरी आलाय' म्हणायची. घरच्यांनी देवऋषी, गंडे-दोरे सगळं केलं. वेडी म्हणावं तर बाकी सगळं व्यवस्थित. पोराचं हाल बघवत नव्हतं.

टिळकवाडीची_ताई
तिला काय झालेलं ते बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण ह्या वर्णनाचा एक विकार आहे, १९२३ मध्ये कापग्रा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं नोंदवला. चेहरा बरोबर दिसतो, 'दिसायला तसाच आहे' हे मान्य असतं, पण आपलं माणूस बघितल्यावर आतनं जो ओलावा येतो तो येत नाही. मोजून बघितलंय, ओळखीचा चेहरा बघून आपल्या तळहाताला किंचित घाम येतो, ह्या लोकांना तो वाढीव घाम येत नाही. मग मेंदू त्या विसंगतीचा अर्थ लावतो, की हा तोतया असणार. रामचंद्रन, आपले तमिळनाडूचे, त्यांनी १९९७ मध्ये अशाच एका पेशंटबद्दल लिहिलं, आईवडिलांना समोर बघून तोतया म्हणायचा आणि फोनवर आवाज ऐकला की ओळखायचा. देवऋष्याऐवजी त्या पोरानं दुसऱ्या खोलीतनं हाक मारली असती तर काय झालं असतं कोण जाणे.

कोर्ट_कचेरी
मी वकील, इथं कोर्टात प्रॅक्टिस करतो. उशिरा आलो पण ताईंचं वाचून राहवेना. तुमच्या त्या 'नुसतं ओळखीचं वाटणं' ह्यावर माणसं आत जातात. ओळख परेडमध्ये मॅजिस्ट्रेटसमोर आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बाकीच्यांत उभा करतात आणि साक्षीदारानं दाखवायचं. साक्षीदार ओळखतो ते गुन्ह्याच्या वेळी बघितलं म्हणून की मधे कुठं फोटो बघितला म्हणून? त्याला स्वतःला कळत नाही, कारण दोन्हीचं वाटणं सारखंच! म्हणूनच आरोपीला तोंड झाकून आणायचा नियम आहे. आणि आता काय झालंय, गुन्हा झाला की संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संशयिताचा फोटो फिरतो, चार वेळा फॉरवर्ड होतो, मग आठवड्यानं परेड घेतात. कसली ओळख राहिली? मी उलटतपासणीत पहिला प्रश्न मोबाईलचाच विचारतो. परेडचा पुरावा एकट्यानं पुरेसा नसतो, साक्षीदाराला कोर्टात उभारून ओळखावं लागतं, पण कोर्टात आरोपी कुठं उभारतो ते सगळ्यांनाच माहीत असतं.

अमेरिकेतली रोनाल्ड कॉटनची केस वाचा. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात बलात्कार, पीडितेनं आधी फोटोंतनं कॉटनला निवडला, मग परेडमध्ये, मग कोर्टात, प्रत्येक वेळी जास्त खात्रीनं. दहा वर्षांच्या वर तुरुंगात. १९९५ मध्ये डीएनए तपासला, गुन्हेगार दुसराच. आणि तो दुसरा माणूस मधे एकदा कोर्टात तिच्यासमोर आणलेला होता, तिनं सांगितलं ह्याला मी कधीच बघितलं नाही. बाई खोटं अजिबात बोलत नव्हती.

टिळकवाडीची_ताई
वकीलसाहेब, ह्यात एक भर घालते. ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण डोळे-नाक-तोंड ह्यावरनं ओळखतो, अनोळखी माणसाचा केस आणि चेहऱ्याची ठेवण ह्यावर जास्त. म्हणजे साक्षीदार ज्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पाहिजे त्याच वेळी तो हेअरकटवर अवलंबून असतो. १९९९ मध्ये विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर चांगल्या क्वालिटीचा फोटो ठेवला, खाली दहा फोटो, ह्यातला तोच माणूस कुठला सांगा. आठवायचं काही नाही, दोन्ही समोरच. तरी दहातल्या तीनेक वेळा लोक चुकले.

कुंदा_स्पेशल
मग आधार कार्डावरच्या फोटोवरनं आपल्याला कोण ओळखणार 😀

निपाणीची_लेक
मी शांतपणे सगळं वाचत होते. माझ्या बाबांचं विचारायचं होतं. ७८ वय. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते, सगळे आकडे तोंडपाठ असायचे. गेल्या वर्षापासनं आम्हाला ओळखतात पण ओळखत नाहीत, कसं सांगू. मला बघून चेहरा खुलतो, 'ये बस' म्हणतात, चहा घेतलीस काय विचारतात. मी कोण म्हटलं की 'तू आमच्यातलीच की'. नाव येत नाही, लेक म्हणून पण येत नाही. दादा रोज समोर बसवून विचारतो, 'मी कोण सांगा, मी कोण सांगा', आणि ते मग चिडतात, दोघंही चिडतात. वरची ती जॉनची केस वाचून वाटलं बाबांचं पण तसंच काही असेल काय?

टिळकवाडीची_ताई
ताई, आधी डॉक्टरांकडं गेलात काय ते सांगा. वयाबरोबर आठवणं कमी होतं आणि ओळखीचं वाटणं त्यामानानं टिकतं, हे नॉर्मल म्हातारपणात पण दिसतं, पण लेकीचं नातं न सांगता येणं हे म्हातारपणावर ढकलून सोडू नका. बी१२ कमी, थायरॉईड, काही गोळ्या ह्यांनी पण डोकं असं होतं आणि त्यातलं पुष्कळ सुधारतं, म्हणून रक्त तपासणी आधी. धारवाडला डिमहान्स म्हणून मेंदूच्या आणि मनाच्या आजारांचं इस्पितळ आहे, तुम्हाला निपाणीहून एका दिवसात जाऊन येता येईल. अल्झायमर असेल तर, मी असेल तर म्हणतेय, त्याची सुरुवात नेमकी ह्याच भागातनं होते, १९९१ मध्ये ब्राक पती-पत्नींनी दाखवलं की पेशींतला बिघाड पेरिऱ्हायनल पट्टीच्या कडेला पहिल्यांदा दिसतो आणि मग हिप्पोकॅम्पसकडं सरकतो. जॉनसारखी तिथं एकच बाजू शाबूत राहत नाही, हळूहळू दोन्हींवर परिणाम होतो.

आणि दादांना सांगा ती परीक्षा बंद करा. जे काम त्यांच्याकडनं होत नाही तेच रोज मागताय. त्यांच्यासमोर गेल्या गेल्या आपणच सांगायचं, 'बाबा, मी सुमी आले, तुमची लेक', नाव कुठलंही असो. आवाज जास्त वापरा, समोर बसून बोला, नेहमीच्या खुर्चीत नेहमीच्या वेळी भेटा.

चेहरा खुलतो म्हणालात ते महत्त्वाचं आहे. जिनिव्हात क्लापारेद नावाच्या डॉक्टरकडं एक बाई होती, नवीन काही लक्षात राहत नव्हतं, डॉक्टरला रोज नव्यानं भेटायची. त्यांनी एकदा हातात टाचणी लपवून हात मिळवला, तिला टोचली. पुढच्या वेळी तिनं हात द्यायला नकार दिला, का ते तिला सांगता येईना. १९११ मध्ये त्यांनी हे लिहिलंय. टोचल्याची आठवण गेली पण परिणाम राहिला. दादांशी भांडून झाल्यावर बाबांना भांडण आठवणार नाही, दादा आला की कपाळाला आठी मात्र पडेल.

निपाणीची_लेक
आठी पडतेच. दादाला हा धागा पाठवला. तो म्हणाला आठवण राहावी म्हणूनच विचारत होतो, व्यायाम होतो असं कुणीतरी सांगितलेलं. अल्बम दाखवला तर चालेल काय?

टिळकवाडीची_ताई
चालेल की. फक्त 'हे कोण' विचारू नका. 'हा बघा आप्पांच्या लग्नातला फोटो, तुम्ही धोतरात आहात' असं आपणच सांगत जायचं, त्यांना पुढचं सुचलं तर ते बोलतील. जुने फोटो आधी, अलीकडचे नंतर.

राजहंसगडी
निपाणीच्या ताई, वखारीतला जुना वास, जुनी माणसं असलं काही असेल तर तिकडं एकदा फिरवून आणा. आमच्या आजोबांना शेवटी घरातली नावं यायची नाहीत, पण कळपात नेऊन उभं केलं की बोलत सुटायचे.

निपाणीची_लेक
वखार बंद झाली, पण त्यांचे एक सोबती अजून गल्लीत राहतात. बुधवारी रक्त तपासणीला नेतोय, येताना त्यांच्याकडं थांबू.

जांबोटीवाला
ताई, आज सकाळी बसमध्ये कंडक्टरला सांगितलं की तुम्हाला लग्नात ओळखलं नाही. तो म्हणाला मी पण तुम्हाला ओळखलं नव्हतं, कुणीतरी हसलं म्हणून हसलो.

अ‍ॅडमिन
😂 डेजा व्हू ('हे आधी घडलंय' असं उगाच वाटणं) बद्दल तिघांनी मेसेजमध्ये विचारलंय, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं गर्दी नको.